शिरोडकरचं नाव काय?

'शाळा' बघून बाहेर पडलो, तर पार्किंगमध्येच आईनं विचारलं, "त्या मुलीचं नाव काय रे?"

"शिरोडकर."

"ते आडनाव झालं. मी नाव विचारतेय."

मी किल्ली हातात धरून उभाच. कादंबरी दोनदा वाचलेली, पिक्चर तर आत्ता पाच मिनिटांपूर्वी संपलेला, आणि मुलीचं नाव काही जिभेवर येईना. सुऱ्या, चित्रे, फावड्या, वर्गातली पोरं सगळी रांगेत हजर. ती मात्र नुसतीच शिरोडकर.

नववीत मुलींना नावं नसतातच म्हणा. नावानं हाक मारली तर वर्गभर बोभाटा, त्यामुळे आडनावावर भागवायचं. आमच्याकडेही तेच होतं. मिलिंद बोकीलांची ही कादंबरी २००४ साली आली, आणि ती सगळी मुकुंद जोशी नावाचा नववीतला मुलगाच सांगतो. 'लाईन' काय, 'इचिभना' काय, आपल्याच मागच्या बाकावरून कुणीतरी बोलतंय असं वाटतं. शिरोडकर दिसते तीही त्याच्याच डोळ्यांनी, चोरून, अर्धीमुर्धी. पुढ्यातल्या बाकावरची पाठ, वेण्या, मान वळली तर वळली. उरलेला चेहरा मी माझ्याजवळचा लावून टाकला होता. कुणाचा, ते सांगायची गरज नाही.

सुजय डहाकेच्या सिनेमात ही सोय नाही. तिथं शिरोडकर आली की केतकी माटेगावकरचा चेहरा घेऊनच येते, आणि तो इतका गोड आहे की तक्रार करायलाही जागा नाही. पण माझी शिरोडकर त्या अंधारात जी उठून गेली, ती गेलीच. नंतर पुस्तक तिसऱ्यांदा काढलं, तर पानोपानी केतकीच.

जोशीचंही तसंच. पुस्तकात आपण त्याच्या डोक्यात बसून बाहेर बघत असतो. पडद्यावर समोर बसून त्याच्याकडे बघावं लागतं. अंशुमन जोशीनं काम फार छान केलंय (जोशीला जोशीच मिळाला, हा योगही मजेचा). तो नुसता बघत राहतो आणि आपल्याला कळतं. पण पुस्तकातला जोशी बघता बघता शंभर गोष्टींचा विचार करत असतो, मोठ्यांना मनातल्या मनात हाणत असतो, आणि ती बडबड हीच खरी कादंबरी आहे. शाळेचं वर्ष किती लांब असतं, तेही त्या बडबडीतूनच कळतं. सिनेमाला ते वर्ष दोन तासांच्या आत उरकायचं असतं. अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगीवर पोरांचं टोळकं बसलंय, कुणाला घरी जायची घाई नाही, विषय संपले तरी कुणी उठत नाही, ही चैन कादंबरीलाच परवडते. शिवाय माझ्या डोक्यातली ती अर्धवट बिल्डिंग आमच्या शाळेमागची होती. वाळूचा ढीग, उघड्या सळ्या, वॉचमनची बाज. पडद्यावरच्या बिल्डिंगीनं काय घोडं मारलं होतं माझं? तरी परकी वाटली.

एका ठिकाणी मात्र सिनेमानं मला चीतपट केलं. जोशीचा नरूमामा. पुस्तक वाचताना तो मला जरा पुसटच दिसायचा. जितेंद्र जोशीनं त्याला असा काही उभा केला की प्रत्येक घरात एक असा मामा सरकारनं पुरवावा असं वाटलं. गोष्ट आणीबाणीच्या काळातली, पण आणीबाणीचं म्हणाल तर ती दोन्हीकडे तशीच आहे, मोठ्यांच्या बोलण्यातून कानावर पडणारी. पोरांची आणीबाणी वेगळीच चाललेली.

२०१२च्या जानेवारीत सिनेमा लागला, पुढं राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला, अविनाश देशपांडे यांच्या पटकथेलाही पुरस्कार मिळाला. मिळायलाच हवा होता. दुसऱ्याच्या डोक्यातली बडबड पडद्यावर आणायची म्हणजे काय खायचं काम आहे?

आईला सिनेमा आवडला, पण नावाचा प्रश्न तिला स्वस्थ बसू देईना. पुस्तक मागून घेतलं. चार-पाच दिवस दुपारी आडवं होऊन, चष्मा नाकावर आणून वाचत होती. मध्येच एकटी हसायची. मी विचारलं तर "काही नाही" म्हणायची. मग एका संध्याकाळी पुस्तक आणून माझ्या टेबलावर ठेवलं.

"काय, सापडलं का नाव?" मी विचारलं.

"ते राहू दे," आई म्हणाली. "तुमच्या वर्गातली ती साठे हल्ली कुठे असते रे?"

"कोण साठे?" मी म्हणालो. चाळिशीला टेकलेल्या माणसाचे कान इतके गरम होत असतील, असं मला वाटलं नव्हतं.