मूत्रमार्ग दुरुस्त करताना रक्तपुरवठा का जपायचा

लघवीची धार बारीक झाली आहे, जोर लावावा लागतो, झाल्यावरही थेंब थेंब गळत राहते, अशी तक्रार घेऊन दिंडोरी, निफाड, सिन्नर या बाजूंनी पुष्कळ पुरुष नाशिकला माझ्याकडे येतात. त्यांच्यापैकी कोणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढताना घसरून तिच्या कडेवर दोन्ही पायांच्या मध्ये आपटलेला असतो, कोणाला दुसऱ्याच आजारात घातलेल्या कॅथेटरने, म्हणजे लघवीच्या नळीने, इजा झालेली असते, कोणाचे प्रोस्टेटचे दुर्बिणीतून ऑपरेशन झालेले असते, तर कोणाला लायकेन स्क्लेरोसस हा त्वचेचा आजार असून तो टोकापासून आत सरकत गेलेला असतो. कारणे वेगवेगळी असली तरी जुन्या कागदांवरचा इतिहास बहुतेक वेळा सारखाच असतो. मूत्रमार्ग रुंद केला, काही महिने बरे वाटले, पुन्हा अडले, पुन्हा रुंद केला.

दुर्बिणीतून आत पाहून अरुंद जागेवर छेद देण्याच्या पद्धतीला माझा विरोध नाही. बल्बर भागातला, म्हणजे अंडकोशामागच्या भागातला, दोन सेंटिमीटरपेक्षा कमी लांबीचा आणि पहिल्यांदाच झालेला संकोच, म्हणजे मार्गाचा अरुंद झालेला भाग, असेल, तर एकदा तो प्रयत्न करणे योग्यच आहे. मात्र एकदा उलटलेल्या संकोचावर तोच छेद पुन्हा पुन्हा देत राहणे मला रुग्णावर अन्यायकारक वाटते. दिलेला प्रत्येक छेद व्रण तयार करूनच भरतो, व्रणाच्या ऊतींत रक्तवाहिन्या कमी असतात, आणि त्यामुळे आधी बोटाच्या एका पेराइतका असलेला आजार हळूहळू लांब आणि खोल होत जातो. अखेर युरेथ्रोप्लास्टीची, म्हणजे उघड्या शस्त्रक्रियेने मूत्रमार्गाची पुनर्रचना करण्याची, वेळ येते तेव्हा शल्यचिकित्सकाच्या हाती निरोगी ऊती कमी उरलेल्या असतात.

ही शस्त्रक्रिया म्हणजे बंद वाट मोकळी करणे, अशी रुग्णाची आणि नातेवाइकांची समजूत असते. वाट मोकळी करावी लागतेच, पण ती पुढे वर्षानुवर्षे मोकळी राहील की नाही, हे तिथे पोहोचणाऱ्या रक्तावर बरेचसे अवलंबून असते. पुरुषाच्या मूत्रमार्गाभोवती कॉर्पस स्पॉन्जिओसम नावाचा मऊ, रक्ताने भरलेला स्पंजासारखा थर असतो. त्याला मागच्या बाजूने बल्बर धमन्यांची जोडी रक्त देते. पुढच्या बाजूने लिंगाच्या पृष्ठीय धमनीचे रक्त शिश्नमण्यात पोहोचते आणि तिथून उलट दिशेने मागे येते. याखेरीज शेजारच्या कॉर्पोरा कॅव्हर्नोसातून, म्हणजे लिंगाला ताठरता देणाऱ्या दोन स्तंभांतून, बारीक शाखा येऊन मिळतात. आपल्याकडच्या एखाद्या बागेला एका टोकाने पाटाचे आणि दुसऱ्या टोकाने विहिरीचे पाणी मिळावे, तशी ही दुहेरी सोय आहे, आणि ती आहे म्हणूनच मूत्रमार्ग मधोमध आडवा कापून पुन्हा जोडला तरी सहसा जगतो.

आखूड संकोचावरची जुनी, भरवशाची शस्त्रक्रिया नेमकी हीच आहे. स्पॉन्जिओसमसह मूत्रमार्ग पूर्ण कापायचा, व्रणाचा तुकडा काढून टाकायचा आणि निरोगी टोके एकमेकांना शिवायची. योग्य रुग्णात तिचे यश ९० टक्क्यांच्या वर असल्याचे जगभरातल्या अनुभवातून दिसले आहे, आणि म्हणूनच तिच्यात बदल कशाला, असा प्रश्न अनेक वर्षे कोणाला फारसा पडला नाही. पण पूर्ण कापताना मागून येणारा प्रवाह तुटतो आणि जोडाच्या पुढचा सगळा भाग पुढच्या टोकाकडून येणाऱ्या रक्तावर जगतो. लहानपणी हायपोस्पेडियासची, म्हणजे लघवीचे छिद्र जन्मतःच टोकाऐवजी खालच्या बाजूला असण्याच्या दोषाची, शस्त्रक्रिया झालेल्या माणसात हा पुढचा पुरवठा आधीच दुबळा झालेला असू शकतो. मधुमेह, अनेक वर्षांचे धूम्रपान किंवा ओटीपोटाला दिलेले रेडिएशन असेल तरी बारीक रक्तवाहिन्यांवर भिस्त ठेवता येत नाही. ज्याला पुढेमागे लघवी रोखण्यासाठी कृत्रिम स्फिंक्टर बसवावा लागेल, त्याच्या बाबतीत तर हा विचार अधिकच गंभीर होतो, कारण त्या उपकरणाचा पट्टा मूत्रमार्गाभोवती आवळलेला राहतो आणि रक्त कमी पडलेली ऊती त्याखाली झिजून उघडी पडू शकते.

अमेरिकेतील जेराल्ड जॉर्डन यांनी २००७ मध्ये बल्बर धमन्या सोडवून, बाजूला राखून जोड देण्याची पद्धत मांडली. पुढे २०१२ मध्ये लंडनच्या डॅनिएला अँड्रिच आणि अँथनी मंडी यांनी स्पॉन्जिओसम न कापण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात मूत्रमार्ग वरच्या, म्हणजे पृष्ठीय बाजूने उभा उघडतात, आतला व्रण तेवढा काढून निरोगी अस्तराला अस्तर शिवतात, आणि उभा छेद आडवा बंद करतात, ज्याने पोकळी रुंद होते. खालच्या बाजूचा स्पॉन्जिओसम आणि त्यातला रक्तप्रवाह अखंड राहतो. मला ही कल्पना फार मोलाची वाटते, कारण तिच्यात आजारी भाग आणि त्याच्याभोवतीचा निरोगी भाग यांत भेद केला आहे. तरीही ती सर्वांना लागू करण्याचा उत्साह मी दाखवणार नाही. जोराच्या आघाताने स्पॉन्जिओसमची पूर्ण जाडी व्रणाने भरली असेल, तर तिथून रक्त मुळातच वाहत नसते, जपण्यासारखे तिथे काही उरलेले नसते, आणि तो भाग पूर्ण कापून काढणे हेच बरोबर ठरते.

संकोच लांब असेल तर टोके ओढून जोडता येत नाहीत. तिथे गालाच्या आतले अस्तर काढून त्याचा कलम म्हणून उपयोग करतात. कलमाला स्वतःची रक्तवाहिनी नसते. सुरुवातीचे साधारण दोन दिवस ते खालच्या ऊतीतून झिरपणाऱ्या द्रवावर तगते आणि त्यानंतर त्याच्या केशवाहिन्या त्या ऊतीच्या केशवाहिन्यांशी जुळू लागतात, म्हणून ते ज्यावर बसवायचे तो पाया रक्ताने समृद्ध आणि स्थिर हवा. इटलीच्या ग्विदो बार्बाली यांनी १९९६ मध्ये कलम पृष्ठीय बाजूला, कॉर्पोरा कॅव्हर्नोसावर टेकवून बसवण्याची पद्धत सांगितली. पुण्याच्या डॉ. संजय कुलकर्णी यांनी सहकाऱ्यांसह २००९ मध्ये त्यापुढचे पाऊल टाकले. मूत्रमार्ग दोन्ही बाजूंनी सोडवण्याऐवजी फक्त एका बाजूने सोडवायचा, दुसऱ्या बाजूच्या रक्तवाहिन्या जागच्या जागी ठेवायच्या, आणि मूत्रमार्गाला वेढणारा बल्बोस्पॉन्जिओसस स्नायू व त्याचा मज्जातंतू यांनाही धक्का लावायचा नाही. लिंग आतून उलटवून खालच्याच छेदातून बाहेर घेतल्यामुळे संपूर्ण लांबीचा संकोचही एकाच जखमेतून दुरुस्त करता येतो. लायकेन स्क्लेरोससच्या रुग्णाला याचा विशेष उपयोग आहे, कारण त्याच्या जननेंद्रियावरची त्वचा कलमासाठी वापरली तर तोच आजार तिच्यातही उद्भवू शकतो. आपल्यापासून चार-पाच तासांच्या अंतरावर घडलेले हे काम आज जगभर वापरले जाते, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

या टप्प्यावर मी रुग्णाला तोंड उघडायला सांगतो, आणि लघवीच्या तक्रारीसाठी तोंड कशाला, असे भाव त्याच्या चेहऱ्यावर उमटतात. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी असली तरी सुपारी, तंबाखू आणि मावा खाणाऱ्यांची संख्या आपल्या जिल्ह्यात कमी नाही. ज्याचा गाल ताठर आणि पांढुरका झाला आहे, ज्याचे तोंड पुरते उघडत नाही, त्याच्या गालातून चांगले कलम मिळत नाही. कधी जिभेच्या खालच्या बाजूचे अस्तर घेता येते, पण ते घेण्यासाठीही तोंड पुरेसे उघडावे लागते. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याच्या कितीतरी आधी तंबाखू आणि सुपारी सोडायला लावणे, हा मी उपचाराचाच भाग मानतो.

शस्त्रक्रियेनंतर साधारण तीन आठवडे कॅथेटर ठेवावा लागतो. तो काढण्याच्या सुमारास मूत्रमार्गात एक्स-रेमध्ये दिसणारे औषध भरून एक्स-रे घेतला जातो आणि कुठे गळती नाही याची खात्री केली जाते. पुढच्या तपासण्यांत लघवीच्या धारेचा आलेख काढून पाहतात, आणि बरे वाटत असले तरी या भेटी चुकवू नयेत, कारण संकोच परतू लागला की आलेखातली धार रुग्णाला जाणवण्याआधीच मंदावलेली दिसू शकते.