पाणथरीचा पक्ष

हिवतापातून उठलेल्या भाच्याचा सोनोग्राफीचा रिपोर्ट परवा दुपारी हाती आला आणि ‘प्लीहा किंचित वाढलेली’ या ओळीपाशी मी रेंगाळलो. लहानपणी थंडी वाजून ताप भरला की आमचे डॉक्टर डाव्या बरगडीखाली बोटे रुतवून ‘मोठा श्वास घे’ म्हणत, आणि श्वासासरशी खाली सरकलेली पाणथरी, म्हणजे हीच प्लीहा, बोटांना लागली की काही न बोलता बोट टोचून काचपट्टीवर रक्त घेत. मग क्लोरोक्विन, गुळात दडवले तरी घशाशी कडूच.

पाणथरीविषयी मला तेव्हापासून जरा पक्षपात आहे. रोगप्रतिकाराचे सारे श्रेय पांढऱ्या पेशींच्या नावावर जमा होते; पण हिवतापाचा परजीवी एकदा लाल पेशीत शिरला की मारक टी-पेशींना, म्हणजे बाधित पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना, तो हुडकता येत नाही, कारण आत काय चालले आहे याची खूण इतर पेशी आपल्या पृष्ठभागावर मांडतात, तशी लाल पेशीला मांडता येत नाही. मग काम पाणथरीकडे येते. तिच्यातल्या फटी एक-दोन मायक्रॉनच्या आणि लाल पेशी सात-आठ मायक्रॉनची. निरोगी पेशी अंग चोरून पार होते, परजीवीमुळे ताठरलेली मात्र अडकते आणि तिथल्या भक्षक पेशी तिचा फडशा पाडतात. या खटाटोपात पाणथरी सुजते, तर तिलाच आपण दुखणे समजतो! तापाचेही तसेच: व्हायवॅक्स जातीच्या परजीवीच्या हिवतापात दर ४८ तासांनी लाल पेशी एकदम फुटतात हे खरे, पण त्यानंतरची हुडहुडी आपल्याच प्रतिकारयंत्रणेने सोडलेल्या रसायनांनी भरते.

फाल्सिपेरम जातीचा परजीवी मात्र पाणथरीची वाटच टाळतो. तो लाल पेशीवर एक चिकट प्रथिन आणून तिला रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून ठेवतो, आणि त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे (त्याला ओळखून चिकटणारी आपली संरक्षक प्रथिने) तयार होतात न होतात तोच सुमारे ६० जनुकांपैकी दुसरे वापरून बहुरूप्यासारखा नवे सोंग घेतो. प्रतिपिंडांना ही सोंगे एकेक करून ओळखावी लागतात आणि त्यात माणसाची बरीच वर्षे जातात.

पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बिया देशातल्या प्रौढांची प्रतिपिंडे हिवतापाने आजारी असलेल्या मुलांना टोचल्यावर त्यांच्या रक्तातले परजीवी काही दिवसांतच झपाट्याने घटले, असा प्रयोग १९६१ साली प्रसिद्ध झाला. त्या प्रौढांनी ही प्रतिपिंडे लहानपणापासूनच्या तापांतून कमावली होती. त्यांच्याबरोबर तापाने फणफणलेली सगळीच भावंडे ती कमवायला उरली नव्हती.