खोल टोकाचा पूल लाइट: मीटरवर १२ व्होल्ट, पाण्यात अंधार

पोहण्याच्या तलावाच्या खोल टोकाचा बंद पडलेला दिवा परत लागला. दोष दिव्यात नव्हता, ट्रान्सफॉर्मरमध्येही नव्हता. तो कसा सापडला हे सविस्तर लिहितो, कारण मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचा मीटर) लावूनही जो दोष दिसत नाही असा हा होता आणि १२ व्होल्टच्या पूल लाइटमध्ये तो कुणाच्याही वाट्याला येऊ शकतो.

आधी मांडणी सांगतो. दोन दिवे, एक उथळ टोकाला आणि एक खोल टोकाला. दोन्ही पार ५६ या पूल लाइटच्या ठराविक गोल आकाराचे, पूर्वी ३०० वॅटचे, आता २० वॅटचे पांढरे एलईडी. पंप-रूममध्ये जुना, जड, तांब्याच्या वेटोळ्यांचा ट्रान्सफॉर्मर आहे. तिथून प्रत्येक दिव्याला वेगळा रिले (विजेवर चालणारा स्विच), पुढे जमिनीखालच्या पाइपातून वायर, काठाजवळ जंक्शन बॉक्स (वायरी जोडायची डबी), आणि बॉक्समधून दिव्याची स्वतःची केबल पाण्यात जाते. उथळ टोकाचा दिवा चालू होता, म्हणजे मेन सप्लाय आणि ट्रान्सफॉर्मर पहिल्या पाच मिनिटांतच संशयातून सुटले.

सुरक्षेचं इथेच सांगतो. काम चालू असताना पाण्यात कुणीही नाही. वायरला हात लावण्याआधी एमसीबी (मेनचा सर्किट ब्रेकर) खाली, आणि तो दुसऱ्या कुणी वर करणार नाही याची सोय. आयईसी ६०३६४ या विद्युत जोडणीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या भाग ७०२ नुसार पाण्यातल्या दिव्याला १२ व्होल्ट एसी किंवा ३० व्होल्ट डीसीच्या वर जाता येत नाही. पण काही जुन्या पूलमध्ये दिव्यापर्यंत थेट मेनचा दाब (व्होल्टेज) गेलेला असतो. तुमचा पूल तसा असेल तर हे फक्त वाचा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीत गळली की मेन तोडणारा स्विच, पडला नव्हता. ही गोष्ट बऱ्याच जणांना फसवते, म्हणून थोडं थांबतो. मेनच्या दाबावर चालणाऱ्या दिव्यात पाणी शिरलं की आरसीसीबी लगेच पडतो आणि दोषाची वर्दी मिळते. आपल्या १२ व्होल्टच्या दिव्याला मात्र ट्रान्सफॉर्मरने मेनपासून तोडलेलं असतं. त्या बाजूला वायर कितीही भिजली, कुजली, तरी मेनकडच्या आरसीसीबीला त्याचा पत्ता लागत नाही. आरसीसीबी पडत असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे, म्हणजे मेनच्या बाजूला शोधा; तो शांत असेल तर १२ व्होल्टची बाजू ठीक आहे असं अजिबात धरू नका.

दिवा तपासायला तो पूलच्या भिंतीतल्या कोनाड्यातून बाहेर काढायची गरज पडली नाही. जंक्शन बॉक्समध्ये दिव्याच्या केबलची दोन्ही टोकं सोडवली आणि त्यांना फ्यूज लावलेली १२ व्होल्टची छोटी सीलबंद बॅटरी जोडली. दिवा पाण्याखाली लख्ख लागला. एका जोडणीत दिवा, त्याची केबल आणि आतले स्क्रू असे तिन्ही निर्दोष ठरले. ही युक्ती दिव्याच्या लेबलवर एसी आणि डीसी दोन्ही लिहिलेलं असेल तरच करा. रंग बदलणारे काही दिवे फक्त एसीवर चालतात. आणि एलईडीला मल्टीमीटरची कंटिन्युइटी (वाट सलग असेल तर बीप देणारी तपासणी) लावून निकाल देऊ नका. आत सर्किट असतं, चांगला दिवाही बीप देत नाही.

म्हणजे बॉक्सच्या अलीकडे काहीतरी होतं. पण बॉक्समध्ये आलेल्या वायरवर मीटर लावला तर १२.३ व्होल्ट! दिवा चांगला, दाब पूर्ण, तरी जोडला की अंधार.

या कोड्याचं उत्तर मीटरच्याच स्वभावात आहे. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही. वाटेत कुजलेला जोड असला तरी त्यातून करंट वाहत नाही, म्हणून त्यावर दाब पडत नाही, आणि मीटर टोकाला पूर्ण आकडा दाखवतो. चिमटलेल्या पाइपात नळ बंद असेपर्यंत दाब पुरा भरतो, नळ सोडला की करंगळीएवढी धार येते, तसंच. दाब मोजायचा तर भार लावून मोजायला हवा. एलईडी त्यासाठी कामाचा नाही. दाब घसरला की त्याचा ड्रायव्हर (आतलं वीज पुरवणारं सर्किट) बंद-चालू होत राहतो आणि आकडा नाचतो. मी गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब घेतला. पावणेदोन अँपिअरचा साधा, प्रामाणिक भार.

बल्ब बॉक्समधल्या वायरला जोडला आणि १२.३ चे थेट ५ व्होल्ट झाले. बल्बची तार नुसती लालसर. क्लॅम्प मीटरवर (वायरभोवती लावून करंट मोजणारा मीटर) १.१ अँपिअर.

बल्ब तसाच जोडलेला ठेवून उलटा चालत गेलो. ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलवर १२.१, रिलेच्या पुढे १२.०, आणि बॉक्समध्ये ५. रिले आणि बॉक्स यांच्यामध्ये ७ व्होल्ट गायब. ७ ला १.१ ने भागलं की रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, ६ ओहमपेक्षा थोडा जास्त येतो. तिथे ६ चौ. मिमीची वायर साधारण २० मीटर गेलेली आहे. जाऊन-येऊन तिचा रोध ०.१२ ओहमच्या आसपास हवा. पन्नासपट फरक वायरच्या लांबीने येत नाही, मध्ये जोड असणारच. आणि त्या जोडावर सात-आठ वॅट उष्णता होत होती, म्हणजे तो दिवसेंदिवस आणखी बिघडत जाणार.

जोड सापडला काठाच्या फरशीतल्या एका झाकणाखाली. वायरी पिळून वर इन्सुलेशन टेप, आणि सगळं पाण्यात. टेप सोडली तर तांबं हिरवं आणि आत काळं. स्वच्छ तांबं मिळेपर्यंत वायर कापत गेलो, तर काळेपणा इन्सुलेशनच्या आत लांबवर पोचलेला. पीळदार तारांच्या फटींतून पाणी केशाकर्षणाने वर चढतं. अशा वायरला नवा जोड मारणं मला पटत नाही. काळं तांबं पुन्हा दगा देतं.

म्हणून रिलेपासून बॉक्सपर्यंत मधे एकही जोड न ठेवता नवी वायर ओढली. इथे एलईडीचा मोठा फायदा होतो. ३०० वॅटच्या दिव्याला १२ व्होल्टवर २५ अँपिअर लागायचे, आणि त्या ६ चौ. मिमीच्या निरोगी वायरीतही ३ व्होल्ट जायचे. २० वॅटला पावणेदोन अँपिअर पुरतात, म्हणून ४ चौ. मिमी घेतली. केबल मात्र कायम पाण्यात राहू शकणारी रबरी, एच०७आरएन८-एफ प्रकारची. पाइप कोनाड्याला जोडलेला असेल तर पूलच्या पातळीपर्यंत त्यात पाणी भरणारच. ते थांबवण्यापेक्षा पाण्यात टिकणारी केबल घालणं शहाणपणाचं. जंक्शन बॉक्स पाण्याच्या पातळीच्या वर हवा तो याचसाठी. बॉक्समधले जोड कथिलाचा मुलामा असलेल्या टर्मिनलमध्ये पक्के केले आणि जेलने भरले.

नव्या वायरवर त्याच बल्बने ११.७ व्होल्ट. मग दिवा जोडला आणि तो लागला.

ज्यांच्याकडे इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर आहे त्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. त्यातल्या अनेकांना किमान भार लागतो. हॅलोजन काढून एलईडी लावला की भार त्याखाली जातो, आणि सगळं नीट असूनही दिवा लुकलुकतो किंवा लागतच नाही. आणि हॅलोजनचा दिवा काठावर काढून पेटवून बघू नका. तो पाण्याने थंड राहतो, हवेत काच तडकू शकते.

त्याच बल्बने उथळ टोकाच्या बॉक्समध्येही मोजलं. ती वायर जेमतेम १२ मीटर, ६ चौ. मिमीचीच. रिलेच्या पुढे १२.०, म्हणून बॉक्समध्ये ११.८ ते ११.९ अपेक्षित होते, मिळाले ११.१. दिवा छान लागतो, पण त्याही वाटेवर तसलंच झाकण आहे. पुढच्या कामात ते उघडणार आणि तिथलीही वायर सलग ओढणार. तुमच्यापैकी कुणी अशा भिजलेल्या पाइपातून जुनी वायर न तुटता काढली असेल तर कशी, ते नक्की सांगा. माझी खोल टोकाची अर्ध्यात अडकली होती.