सिरिंज की काटा?
ब्रिटनमध्ये व्हेपचे म्हणजे ई-सिगारेटचे द्रव घरी मिसळणाऱ्यांत (भारतात २०१९ पासून ई-सिगारेटवर बंदीच आहे) मापाने मिसळावे की वजनाने, हा वाद जुना असून माझा कौल वजनाला आहे. या द्रवातला मुख्य घटक ग्लिसरीन पाकासारखा घट्ट असल्यामुळे सिरिंजला आतून चिकटून राहतो, त्यात बुडबुडे अडकतात आणि माप चुकते, याउलट ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर बाटली ठेवून, प्रत्येक घटकानंतर आकडा शून्यावर आणत थेंब सोडले की धुवायला भांडेही उरत नाही. मात्र घनता विसरून चालत नाही, कारण १ मिलिलिटर ग्लिसरीन सुमारे १.२६ ग्रॅम भरते, तर प्रॉपिलीन ग्लायकॉल हा दुसरा, पातळ घटक १.०४ ग्रॅम. निकोटीनचे प्रमाण मिलिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये लिहिलेले असल्याने आधी त्याचे घनफळ काढून मगच ग्रॅममध्ये रूपांतर करावे, आणि निकोटीन हातमोजे घालूनच हाताळावे.