वहीच्या मागच्या पानापासून

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली पुस्तके मी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीही आवडीने वाचते, ही गोष्ट बरीच वर्षे मी आपण होऊन कोणाला सांगितली नव्हती. लपवण्यासारखे त्यात काही नव्हते, पण मुखपृष्ठावर दप्तर पाठीला लावलेली आणि केस विस्कटलेली मुलगी असलेले पुस्तक प्रवासात उघडले, की शेजारचा माणूस आधी पुस्तकाकडे आणि मग माझ्याकडे पाहतो आणि "मुलीसाठी घेतलंत का?" असे मोठ्या सौजन्याने विचारतो. मी मान हलवते. तो होकार समजायचा की नकार, हे मी त्याच्यावर सोडते. दुसरी गोष्ट याहून अवघड होती. मी स्वतःही तशाच गोष्टी लिहीत होते आणि त्या वह्या कपाटात विम्याच्या कागदांखाली ठेवत होते, कारण विम्याच्या कागदांना घरातले कोणी आपखुशीने हात लावत नाही.

दोन्ही गुपिते एकाच दुपारी फुटली, ती माझ्या चौदा वर्षांच्या भाचीमुळे. सुट्टीत वाचायला काहीतरी हवे म्हणून ती कपाट धुंडाळत होती आणि मी दुसऱ्या खोलीत होते. बाहेर येऊन पाहते, तर ही बाई जमिनीवर मांडी घालून माझ्या वहीच्या अकराव्या पानावर पोचलेली. वही हिसकावून घेण्याचे माझे वय उरलेले नाही, म्हणून मी नुसतीच उभी राहिले. तिने मान वर न करता विचारले, "मावशी, हे कोणी लिहिलंय? यातला मुलगा फार विचार करतो गं."

मला मिळालेला हा पहिला अभिप्राय. त्याच्याइतका नेमका अभिप्राय पुढेही मिळालेला नाही.

या पुस्तकांत मला काय सापडते, याचे उत्तर "हरवलेले वय परत मिळते" असे देणे सोपे आहे, पण ते खरे नाही. चौदावे वर्ष मला मुळीच परत नको आहे; त्या वर्षातला माझा बराचसा वेळ, आपल्याकडे कोण पाहते आहे आणि कोण मुद्दाम पाहत नाही, याचा हिशेब मांडण्यात गेला. मला ओढ आहे ती सांगणारा जिथे उभा राहतो त्या जागेची. लहानपणाविषयीची पुष्कळशी पुस्तके पैलतीरावरून सांगितलेली असतात. 'श्यामची आई'मध्ये मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना 42 रात्री आठवणी सांगतो. आई गेलेली आहे हे त्याला पहिल्या रात्रीपासून ठाऊक असते आणि ते ठाऊक असणे प्रत्येक वाक्यात ओलाव्यासारखे उतरते. उलट प्रकाश नारायण संतांच्या कथांतला शाळकरी लंपन पाहावा. 'वनवास' हा त्याच्या कथांचा पहिला संग्रह 1994 साली आला. तो लिहिणारा माणूस पुरता मोठा झालेला होता; पण आपले पुढे काय होणार हे लंपनला कळलेले नसते, आणि ज्या गोष्टीने तो गोंधळतो त्या गोष्टीचा अर्थ लावून द्यायला कोणी मोठा माणूस पानाच्या कडेला उभा नसतो. त्याचे ते "मॅडसारखं" आणि कुठूनही उचलून आणलेले भलेमोठे आकडे ही नुसती बोलण्याची लकब नव्हे. भावनेला अजून नाव सापडलेले नाही, याची ती खूण आहे. खरे तर ही पुस्तके कुमारांसाठी म्हणून लिहिलेली नाहीत. तरीही मला जे कुमारवयीन पुस्तकात हवे असते, ते तिथे काठोकाठ भरलेले आहे: घटना आणि शहाणपण यांच्यात अंतर पडण्याआधीचे सांगणे.

असे सांगणे सर्वांत चांगले कोणाला जमेल, असा प्रश्न विचारला तर साधे उत्तर असे, की जो अजून तिथेच उभा आहे त्याला. अमेरिकेतल्या एस. ई. हिंटन या लेखिकेने आपली पहिली कादंबरी वयाच्या पंधराव्या वर्षी लिहायला घेतली, कारण आपल्या शाळेत रोज दिसणारी मुले आपल्याला वाचायला मिळणाऱ्या पुस्तकांत कुठेच नाहीत, अशी तिची तक्रार होती. ती कादंबरी 1967 साली प्रसिद्ध झाली तेव्हा ती अठरा वर्षांची होती, आणि मुलांच्या टोळ्यांवरचे पुस्तक मुलीने लिहिलेले पाहून परीक्षकांनी नाक मुरडू नये, म्हणून प्रकाशकांच्या सांगण्यावरून मुखपृष्ठावर नावाची नुसती आद्याक्षरे आली. इंग्रजीत कुमारवाङ्मय हा वेगळा प्रांत म्हणून आज ओळखला जातो, त्याची सुरुवात सांगताना बहुतेक जण याच पुस्तकापाशी येऊन थांबतात. ज्या वर्षी ती हे लिहीत होती, त्या वर्षी शाळेतल्या सर्जनशील लेखनाच्या विषयात तिला जेमतेम पास होण्याइतकी श्रेणी मिळाली होती. हे मी भाचीला सांगितले, तेव्हा "हे आईला सांगू का?" असे तिने फार आशेने विचारले. निकाल लागेपर्यंत थांब, असा सल्ला मी दिला.

माझे स्वतःचे लेखन तेराव्या वर्षी भूमितीच्या वहीच्या मागच्या पानापासून सुरू झाले. पुढून प्रमेये येत आणि मागून एक गुप्तहेर येई. दोघांची गाठ कुठेतरी मधल्या पिनांपाशी पडणार हे उघड होते आणि ती पडण्याआधी खुन्याला पकडणे भाग होते. कथानकाला इतकी कडक शिस्त पुढे मला कधीच लावता आली नाही. बाकावर शेजारी बसणारी मैत्रीण रोज एक पान वाचायची आणि खाली पेन्सिलीने "पुढे?" एवढाच शब्द लिहायची. वर्षभरात तिने दुसरा शब्द लिहिला नाही. गुप्तहेराचे डोळे पहिल्या पानावर घारे आणि नवव्या पानावर काळेभोर होते, हे तिच्या लक्षात आले नसेल असे मला वाटत नाही. तिने ते काढले नाही, इतकेच.

आपल्याकडे "हौशी" या शब्दाला थोडासा उणेपणा चिकटलेला आहे. हौशी म्हणजे जमत नसलेला, पण ऐकतही नसलेला माणूस, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. वास्तविक "हौस" हा अरबीतून आलेला, इच्छेशी नाते सांगणारा शब्द, आणि इंग्रजीतल्या "अमॅच्युअर" या शब्दाच्या मुळाशी तर प्रेम करणे या अर्थाचा लॅटिन धातू आहे. "हौसेला मोल नाही" असे आपण म्हणतो ते उधळपट्टीवर पांघरूण घालण्यासाठी. पण हौशी लेखनाला ते शब्दशः लागू पडते. कोणी मोल देत नाही, आणि म्हणून मागणीही करत नाही. पुस्तक किती पानांचे हवे, शेवट गोड हवा की कडू, नायिका किती धीट असावी, हे सांगायला कोणी येत नाही. या मोकळीकीचा मी काय उपयोग केला, तर सहा कादंबऱ्या सुरू केल्या आणि एकही संपवली नाही. प्रत्येकीची सुरुवात पावसाने होते. पात्रांची नावे ठरवण्यात जितके दिवस गेले, तितके त्यांना बोलते करण्यात गेले नाहीत. हौशी लेखकाला ही व्याधी बहुधा जन्मतःच असावी, कारण भाचीच्या वहीतही पहिली चार पाने निव्वळ नावांची आहेत, त्यात एका घोड्याचेही नाव आहे आणि घोडा अजून कथेत आलेला नाही.

हो, तिचीही वही निघाली. माझी सापडल्यावर आठवड्याभराने तिने ती आणून दिली, तीही शंभर अटींसह. त्यातली पहिली अट अशी, की शुद्धलेखनाच्या चुका दाखवायच्या नाहीत. मी कबूल केले. इंग्रजीतली थोर कादंबरीकार जेन ऑस्टिन हिने 1790 साली, नेमकी चौदा वर्षांची असताना, पत्रांच्या रूपातली एक धमाल कथा लिहिली. तिच्या शीर्षकातच मैत्री या अर्थाच्या शब्दाचे स्पेलिंग चुकलेले आहे आणि आजचे संपादकही ते बहुधा तसेच छापतात. त्या काळच्या रडव्या कादंबऱ्यांची ती टिंगल आहे आणि तिच्यातल्या दोघी नायिका सोफ्यावर पाळीपाळीने बेशुद्ध पडतात. चौदाव्या वर्षी हे ज्या मुलीच्या ध्यानात आले, तिने स्पेलिंग कसेही लिहावे. शिवाय ते लेखन घरात मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी होते, आणि कानाला चुकलेले स्पेलिंग ऐकू येत नाही.

लिहिणाऱ्याला एखादा तरी वाचक लागतो, आणि नसला तर तो घडवावा लागतो. इंग्लंडमधल्या, पुढे लेखक झालेल्या ब्रॉन्टे भावंडांना 1826 साली वडिलांनी बारा लाकडी शिपाई आणून दिले. पुढे या मुलांनी त्या शिपायांसाठी, त्यांच्या मापाची, तळहातात मावतील अशी इवलीशी पुस्तके लिहिली. अ‍ॅन फ्रँकची गोष्ट मात्र मला यापेक्षा जवळची वाटते. रोजनिशीत ती जिला उद्देशून लिहायची, ती "किटी" सर्वांना माहीत आहे. पण किटी हे नाव बहुधा आले कुठून, हे सहसा सांगितले जात नाही. सिसी फान मार्क्सफेल्ट या डच लेखिकेची योप तेर हूल नावाच्या खोडकर शाळकरी मुलीवरची पुस्तके अ‍ॅनला अतिशय आवडत असत, आणि किटी ही योपच्या मैत्रिणींपैकी एक. नाझींपासून लपून राहायला लागल्यावर अ‍ॅनने सुरुवातीला त्या टोळक्यातल्या वेगवेगळ्या मैत्रिणींना पत्रे लिहिली. शाळेतल्या खऱ्या मैत्रिणींशी संबंध तुटलेला होता. तेव्हा तिने पुस्तकातल्या मैत्रिणींना वाचक केले. पुढे मार्च 1944 मध्ये लंडनहून होणाऱ्या रेडिओ प्रक्षेपणात एका डच मंत्र्याने युद्धकाळातल्या रोजनिश्या आणि पत्रे जपून ठेवण्याचे आवाहन केले. ते ऐकून तिने मे महिन्यापासून आपली रोजनिशी सुट्या कागदांवर पुन्हा लिहायला घेतली, काही मजकूर गाळला, काही जोडला, आणि त्यात बाकीच्या मैत्रिणी गेल्या व एकटी किटी उरली. ऑगस्टमध्ये अटक झाली तेव्हा हे काम अपुरेच राहिलेले होते. आपण त्या रोजनिशीला साक्ष म्हणून वाचतो आणि तसेच वाचले पाहिजे. पण मला त्यात आणखी एक मुलगी दिसते, जी आवडत्या पुस्तकातून वाचक उसना घेते, स्वतःच्या दोन वर्षांपूर्वीच्या वाक्यांवर नापसंतीने पेन चालवते, आणि पंधराव्या वर्षी तेराव्या वर्षाला थोडी हसते.

माझ्या भाचीला वाचक उसना घ्यावा लागला नाही. तिला मी मिळाले, आणि मला ती. आमचा व्यवहार पुस्तकांपासून सुरू झाला. मी तिला माझी आवडती पुस्तके दिली, त्यातली निम्मी तिने "यात सगळे फार समजूतदार आहेत" म्हणून परत केली, आणि तिने दिलेल्या पुस्तकांतल्या ड्रॅगनांना मी महिनाभर तोंड दिले. कुमारवयीन पुस्तक मोठ्या माणसाने वाचायला काही हरकत नसते. चौदा वर्षांच्या वाचकासमोर त्याची तारीफ करणे मात्र जपून करावे लागते, कारण मोठ्यांना आवडलेल्या पुस्तकाविषयी तिच्या मनात ताबडतोब संशय उत्पन्न होतो. आता आम्ही एकमेकींच्या वह्या वाचतो. जिथे कंटाळा आला तिथे समासात बारीक टिंब द्यायचे आणि कारण सांगायचे नाही, असा नियम तिने केला आहे. कारण सांगितले की लिहिणारा वाद घालतो, असे तिचे म्हणणे. माझ्या तिसऱ्या प्रकरणाच्या समासात देवी आल्यासारखी टिंबे आहेत. त्यांच्या जागा जुळवून पाहिल्यावर लक्षात आले, की माझा चौदा वर्षांचा नायक जिथे जिथे स्वतःला समजून घेतो, तिथे तिथे टिंब पडले आहे. लंपनविषयी मी एवढे मोठे प्रवचन केले, आणि माझ्या स्वतःच्या पोराच्या तोंडी सत्तेचाळीस वर्षांचे शहाणपण घालून मोकळी झाले.

तिच्या वहीत मी आतापर्यंत दोनच टिंबे दिली आहेत, त्यातले एक चुकून पडले. सहाव्या प्रकरणाच्या शेवटी तिच्या नायिकेला एक पाकीट मिळते, ती ते फोडते, वाचते आणि धावत सुटते; आत काय होते ते लिहिलेलेच नाही. सातवे प्रकरण तयार आहे, पण माझे तिसरे दुरुस्त होऊन आल्याशिवाय ते मिळणार नाही असे मला बजावले आहे. काल रात्री मी नायकाच्या विचारांचे दोन परिच्छेद काढून टाकले. तिसरा काढवत नाही, कारण साऱ्या वहीत मला तोच मनापासून आवडलेला आहे. त्याच्या समासात एक नाही, तीन टिंबे आहेत.