संसारी खोकं

मिशिगनच्या रस्त्यांवर फोर्ड फ्लेक्स दिसली की मी अजूनही मान वळवून बघते. जवळपास सतरा फूट लांब, उंचीला बेताची, कोपरे सरळ कापलेले, दारांवर आडव्या खोबणी आणि बरेचदा छप्पर तेवढं पांढरं. पत्र्याच्या ट्रंकेला चाकं लावावीत तशी.

2005 साली डेट्रॉईटच्या मोटार प्रदर्शनात ‘फेअरलेन’ नावाने तिचा नमुना मांडला होता. 2008 मध्ये कॅनडातल्या ओकव्हिलच्या कारखान्यातून ती बाहेर पडू लागली. त्याच कारखान्यात आधी फोर्डची मिनीव्हॅन बनायची. पण एव्हाना लोकांना मिनीव्हॅनची लाज वाटू लागली होती. घरात पोरं, दप्तरं, हॉकीच्या काठ्या सगळं चालेल, गाडी मात्र संसारी दिसता कामा नये! या हट्टावरच क्रॉसओव्हर पोसली गेली. अंग मोटारीचं, आव जीपचा.

फ्लेक्सने तो आव आणलाच नाही. जुन्या, लाकडी फळ्या लावलेल्या स्टेशन वॅगनची सय तिने दारांवरच्या खोबणींत उघड मिरवली. आत तीन रांगा, आणि मधल्या रांगेत पाय ऐसपैस. हवा असेल तर मधल्या दोन सीटांमध्ये कॉम्प्रेसरवाला खराखुरा फ्रिज. चढायला इतकी सोपी, की आमच्या सासूबाई साडी न सावरता आत जाऊन बसायच्या. मोठ्या गाड्यांची माझी परीक्षा तीच, आणि भल्याभल्या तिच्यात नापास होतात.

लोकांनी मात्र नाक मुरडलं. कुणी खोकं म्हटलं, कुणी शववाहिका. (पुढे तिच्याच सांगाड्यावरच्या लिंकन एमकेटी या फोर्डच्याच गाडीच्या खरोखर शववाहिका निघाल्या. टिंगल करणाऱ्यांना आयतंच कोलीत!)

खरी गंमत 2011 च्या मॉडेलात झाली. तोवर ट्रकसारख्या चासीवर बांधली जाणारी एक्सप्लोरर फोर्डने फ्लेक्सच्याच सांगाड्यावर आणली. हाडं तीच, रांगाही तीनच. वर फक्त रांगडा चेहरा आणि फुगवलेली छाती. ती धडाक्यात खपली. फ्लेक्स रखडत चालली आणि 2019 मध्ये बंद झाली.

आमच्या मंडळाच्या गणपतीला पार्किंगमध्ये एक्सप्लोररांची रांग लागते. एकीच्याही टायरला चिखल नसतो. मागचं दार उघडतं, आणि आतून निघतात मोदकांचे डबे, ढोल आणि पेंगुळलेली पोरं.