आंबी नेमकी संपते कुठे?

पुणेकर पानशेतला जातो तो धरणाची भिंत बघायला, भजी खायला आणि येताना ट्रॅफिकला शिव्या द्यायला. मीही इतकी वर्षं तेच केलं. यंदा मेच्या शेवटी मात्र धरणाचं दुसरं टोक गाठायचं ठरवलं. आंबी नदी जलाशयात शिरते ती जागा बघायची होती.

नकाशात सोपं असतं. बारीक निळी रेघ येते, निळ्या डागात मिळते. मी शिरकोलीच्या रस्त्याने तो डाग डोळ्यांसमोर ठेवून गेलो, गाडी लावून उतरलो, तर पाणीच नाही! भेगाळलेला गाळ, झाडांचे काळे बुंधे, कुठल्याशा जुन्या बांधाचे दगड. दोन्ही डोंगरांवर चहाच्या कपाला आतून पडावा तसा डाग. त्या रेषेच्या वर हिरडा, जांभूळ, करवंदीच्या जाळ्या. खाली सगळं टक्कल.

म्हशी राखणारे एक बाबा हसले. "नदी बघाया आलाय व्हय? मग वर जावा. श्रावणात आला असता तर हितंच बुडाला असता."

म्हणजे संगम नावाची ठरलेली जागाच नाही. 10.65 टीएमसीचं (म्हणजे अब्ज घनफुटांचं) धरण भरलं की पाणफुगवटा खोऱ्यात वर चढतो, नदी आखूड होते. शहर पाणी पीत जातं तसतशी नदी पुन्हा लांबते. वाहतं पाणी साचलेल्या पाण्याला भिडलं की त्याचा जोर मरतो, हातातलं ओझं टाकतं. आधी गोटे, मग वाळू, सगळ्यात पुढे मऊ चिखल. उन्हाळ्यात तोच चिखल कापत नदी खाली उतरते. त्या कापलेल्या काठाशी मी उकिडवा बसलो. बोटाएवढे थर, मधे कुजलेल्या पानांची काळी रेघ, पुन्हा थर. वीसपर्यंत मोजले आणि नाद सोडला.

वर जंगलात शिरल्यावर नदी भेटली खरी, पण धार करंगळीएवढी. कातळात रांजणखळगे, एका डोहात हिरवं गार पाणी. घोळच्या बाजूला डोंगराची कड संपते. कडेपलीकडे पडलेला पाऊस कोकणात उतरून अरबी समुद्र गाठतो. अलीकडे पडलेला आंबीत येतो, मग खडकवासला, मुठा, भीमा, कृष्णा करत थेट बंगालच्या उपसागरात. 1961 च्या 12 जुलैला, बांधकाम पुरतं व्हायच्या आतच, हे मातीचं धरण फुटलं तेव्हा हाच रस्ता पाण्याने एका दिवसात पुण्यापर्यंत कापला होता.

परतताना शहाणपणा करून गाळातून आडवा निघालो. वरून कडक, आत लोणी. घोट्यापर्यंत पाय गेला, तो निघाला, चप्पल राहिली. कोपरापर्यंत हात घालूनही सापडेना.

"ऱ्हाऊ द्या," बाबा लांबूनच ओरडले, "पाऊस पडला की खडकवासल्याला घावंल!"

गाडीची किक एका अनवाणी पायाने मारली.